तुळशीपाशी पुरलेली तार

२० सप्टेंबर १९८१. आंबागड

बेबी आज दुपारच्या गाडीने साकोलीला सासरी परत गेली. एक पाय बसच्या पायरीवर, आणि तिथूनच मला म्हणते, "बाबाजी, औंदा कार्तिकाच्या आंधी आईच्या न्हाणीत लाईट लावा. नाई लावला तं मी तिले घेऊन जातो साकोलीले." कंडक्टर हसला. मीही हसलो. पण लेक खरे बोलली.

मागच्या कार्तिकात सौ. पहाटे न्हाणीत पडली. दिवस मावळला की तिला दिसत नाही, हे तसे जुनेच. कंदील नेला तरी तिला फक्त ज्योत दिसते, म्हणते. ज्योतीच्या आजूबाजूचे जग नाही. डावे मनगट मोडले ते वाकडेच बसले. डोके फरशीपासून थोडक्यात वाचले. तरी कार्तिक स्नान सोडणार नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून करते आहे. सोड, असे मीही म्हणालो नाही. तो अधिकार माझा नाही.

घरात बल्ब दोनच. एक छपरीत, एक देवापाशी. न्हाणी अंगणाच्या टोकाला. तिथवर तार न्यायचे कधी सुचलेच नाही.

सौ. म्हणाली, "पित्तर उठू द्या मंग. आता नवं काई नोका करू." बरे.

२४ सप्टें.

गिरणीत शालिकला विचारले. मी कामाला आहे त्या तुमसरच्या धान गिरणीची तारजोडणी तोच पाहतो. आमच्याच गावचा, बौद्ध मोहल्ल्यातला, तिशीचा. हातापेक्षा तोंड जास्त चालते, पण हातही चांगला चालतो.

"काकाजी, छपरीतला लाईट अन् न्हाणीतला लाईट एक नव्हे. न्हाणीत मानूस ओला, पाय उघडे, जमीन ओली. छपरीत झटका देऊन सोडन. तठी सोडनार नाई."

मग कोंड्याच्या पोत्यावर बसून त्याने समजावले. बटन न्हाणीच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर. फेजची तार बटनातून गेली पाहिजे. उलटी जोडली तर बटन बंद करूनही होल्डर जिवंत राहतो. मध्ये सांधा नको. बल्ब उंचावर, काचेच्या भांड्यात. ब्रॅकेट लोखंडी, म्हणून त्याला एक वेगळी तार, आणि ती थेट जमिनीत. "चुकून करंट लोखंडात उतरला, तं थो मानसातून नाई, ह्या तारेतून मातीत जाते."

सायकलवर घरी येताना हेच वाक्य सोबत होते. माणसातून नाही, मातीत. किल्ल्याच्या डोंगरावर ढग टेकला होता, अर्धा डोंगर नाहीसा. नाम घेतो तेव्हा आतले असेच काही कुठेतरी जात असेल का? जात असेल. कुठे, ते कळत नाही.

२९ सप्टें.

काल घट बसले. आज सकाळी शालिक आला, न्हाणी पाहिली. छपरावरचे कवेलू दोन ठिकाणी सरकलेले, ते आधी नीट करा म्हणाला. बल्बवर पाणी गळायला नको. ते मी करीन.

मग जमिनीतल्या तारेची जागा. त्याच्या मते मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे खड्डा करायचा. तिथली माती बारा महिने ओली. "ओली माती करंट लवकर पेते. सुकली तं पेत नाई."

सौ. दळण निवडत होती. हात थांबला. "मंजे तार धरतीमायच्या पोटात घालसान, अन् वरून न्हाणीचं घान पानी पाजसान?"

"काकू, करंटले घान-चांगलं समजत नाई."

"करंटले नसंल समजत. तिले समजते न."

शालिक माझ्याकडे पाहू लागला. मी आढ्याकडे.

मग तिनेच तोड काढली. तुळशीपाशी करा. तिथे ती रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, उन्हाळ्यात दोन वेळा. माती कधी सुकत नाही. "तुळशीलेही होईन, तुमच्या तारेलेही होईन. माहं एकच पानी दोघाईले."

शालिकने टाचेने माती दाबून पाहिली. न्हाणीपासून लांब नाही. "चालते," म्हणाला. मलाही पटले. पटले म्हणजे आवडले. तिच्या डोळ्यांसाठी दिवा, दिव्यासाठी माती, मातीला तिच्याच हातचे पाणी. मनात एक गोल पूर्ण झाला.

१ ऑक्टोबर

खड्डा झाला. तुळशीच्या ओट्याच्या अगदी बुडाशी, कमरेइतका खोल. मधोमध लोखंडी पाइप उभा, त्याला तार आवळून. मग थर: लाकडी कोळसा, खडेमीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, वरपर्यंत. कोळशाने हात काळे, मिठाने बोटांच्या चिरा झोंबतात. शालिक म्हणे मीठ ओल धरून ठेवते.

माती लोटण्याआधी सौ. आली. खड्ड्यात हळदीकुंकू टाकले, चार तांदूळ टाकले.

"काकू, हे कंपनीच्या नियमात नाई बसत," शालिक म्हणाला.

"तुह्या नियमात नोको बसू दे. माह्यात बसते."

त्याने हात जोडल्यासारखे केले आणि फावडे उचलले. घरात एक घट बसला आहे, अंगणात दुसरा बसला असे वाटत होते. त्यात धान्य पेरले आहे, ह्यात काळे-पांढरे. ह्यातून काय उगवते बघू.

३ ऑक्टो.

तारजोडणी झाली. आधी मेन बंद. बंद करूनही शालिकने टेस्टर लावून पाहिला. "मेनवर भरवसा ठेवाव, पन पाहून ठेवाव."

लाकडी पट्टी भिंतीवर ठोकली, पट्टीवरून तार, क्लिपांनी धरलेली. तारेचे टोक सोलताना तो बोलत नाही. तेवढाच वेळ बोलत नाही. ब्रॅकेट आढ्यालगत, त्यावर काचेचे भांडे. जमिनीची तार ब्रॅकेटच्या स्क्रूखाली आवळली.

मग एक गंमत केली. सुटा होल्डर घेतला, त्यात बल्ब. एक टोक फेजला, दुसरे तुळशीपाशी पुरलेल्या तारेला. बल्ब पूर्ण पेटला. उन्हात सुद्धा दिसत होता.

सौ. म्हणाली, "मंजे मातीतूनही दिवा लागते?"

"माती चांगली असली तं लागते, काकू."

ती तुळशीकडे बघत राहिली.

दिवेलागणीला न्हाणीचे बटन तिनेच दाबले. आत गेली ती बाहेरच येईना. मी दारातून विचारले, काय झाले? म्हणाली, "भिंतीले किती भेगा आहेत जी. मले मालूमच नोयतं." इतकी वर्षे त्या भिंतीला धरून ती न्हायली. हाताला भेगा नक्कीच लागल्या असतील. पण हाताला लागणे वेगळे.

९ ऑक्टो.

दसरा झाला. सोने वाटून आलो. हलके धान पिवळे पडू लागले. पहाटे बोडीच्या पाण्यावर धुके असते. आज त्यात बगळा उभा होता, पाय दिसत नव्हते. पांढऱ्यावर पांढरे. बराच वेळ पाहत उभा राहिलो. बैल कंटाळले.

१४ ऑक्टो.

कार्तिक स्नान सुरू. ती उठते तेव्हा मी जागाच असतो, पण डोळे उघडत नाही. बटनाचा खट्ट आवाज येतो. मग कवेलूंच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा अंगणात पडतात. न्हाणी एखाद्या आकाशकंदिलासारखी दिसत असेल. मी पाहत नाही, फक्त पापण्यांवर जाणवते. पाण्याचा आवाज. तिचे गुणगुणणे. ह्या वर्षी गुणगुणणे आहे. मागच्या वर्षीपर्यंत नव्हते. अंधारात सगळे लक्ष पायाकडे असायचे.

मग तुळशीला पाणी. एक तांब्या तुळशीला, एक तारेला. तिने आपणच वाढवले आहे. म्हणते, "तिलेही कार्तिक पाह्यजे न."

स्वप्न पडले: सगळ्या बांध्यांमध्ये धानाऐवजी बारीक बारीक दिवे, आणि वाऱ्याने ते वाकत होते, विझत नव्हते.

१९ ऑक्टो.

तुळशीची पाने कडेने तपकिरी झाली. सौ. म्हणते दव पडते म्हणून. असेल. खड्डा करताना थोडी मुळे तुटली होती, त्याचेही असेल. ती पाणी जास्त घालू लागली आहे.

२३ ऑक्टो.

तुळस जाते आहे. वरची पाने गळाली, मंजिऱ्या वाळून काळ्या. हात लावला की झडतात. गावात दुसऱ्या कोणाची अशी नाही. मी चार अंगणे बघून आलो.

ही तुळस सौ. माहेरून रोप म्हणून घेऊन आली होती. एक वाळली की तिच्याच बियांची दुसरी. तिच्या लेखी ती एकच आहे, कधी न मेलेली. तुळशीचे लग्न तोंडावर आले.

शेजारची पार्बताबाई कुंपणावरून म्हणाली, "बाप्पा! देवीच्या मुळाशी करंट सोडला, मंग जळनार नाई तं काय?" वाईट मनाची नाही ती. पण बोलायचे आणि मग आपल्या बोलण्याकडे पाहायचे, अशी सवय नाही.

मी सौ.ला समजावले: तारेत रोज करंट नसतो. काही बिघडले तरच येतो. ती ऐकत होती. "हो," म्हणाली.

२४ ऑक्टो.

पहाटे बटनाचा आवाज आला नाही.

नुसता पाण्याचा आवाज, अंधारात. सोबत कंदील नेला होता. गुणगुणणे नाही. बाहेर आल्यावर विचारले तर म्हणाली, "माह्या उजेडासाठी तिले जाळलं मी. आता उजेडात कशी न्हाऊ?"

मी म्हणालो, पडशील.

"पडीन तं पडीन."

२७ ऑक्टो. लक्ष्मीपूजन

दारात पणत्या. छपरीत, देवापाशी, गोठ्यात पणत्या. न्हाणीच्या दारात तिने लावली नाही. मी लावली, तिने विझवली नाही. एवढेच.

बेबी आली नाही, तिच्या घरी कापणी. एका अर्थी बरेच. आली असती तर पहिले न्हाणीच पाहिली असती.

सौ.ने तुळशीपाशी बसून नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. काय मागितले असेल? काही मागितले नसेल, माफी मागितली असेल. जे केलेच नाही त्याची माफी कोण देते, कोणाला देते. कळत नाही. मीही थोडा वेळ तिथेच बसलो. पणत्यांच्या उजेडात वाळलेली काडी हिरवी दिसत होती.

३१ ऑक्टो. शनिवार

आज कळले.

दुपारी गिरणीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ भाकर खायला बसलो. नेहमीचीच जागा. तिथे गिरणीच्या मोटारींचे अर्थिंग आहे, आमच्या खड्ड्यासारखेच कोळसा-मिठाचे, सिमेंटच्या झाकणाखाली. सगळ्या आवारात गवत गुडघ्याएवढे. त्या झाकणाभोवती मात्र गोल टक्कल. एक काडी नाही. मी कितीतरी वर्षे त्या टकलावर बसून जेवतो, म्हणूनच बसतो, विंचू-किड्याची भीती नाही. आणि आज घास हातात राहिला.

मीठ. करंट नाही, मीठ. तिने रोज घातलेल्या पाण्यात ते विरघळले आणि मुळाशी गेले. दोन तांबे घातले तेव्हा दुप्पट गेले.

शालिकला हाक मारून दाखवले. डोके खाजवत उभा राहिला. "असंन बापा. मीठ आहे तं जळंनच. मी तारा पाह्यतो काकाजी, झाडं तुमी पाह्यता. दोघाईनं बी नाई पाह्यलं." मग थोड्या वेळाने, "काकूले कोन सांगनार?"

खरेच. मिठाच्या पाण्याने बांधी मरते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागते का? कोळसा-मीठ ह्या हातांनीच टाकले. पण त्या दिवशी ते मीठ मला मीठ वाटलेच नाही. विजेचे काहीतरी वाटले.

१ नोव्हेंबर

सांगितले नाही.

सांगितले तर ती उद्यापासून उजेडात न्हाईल. पडणार नाही. पण मग तिला कळेल की जागा तिने निवडली, पाणी तिने घातले, एक तांब्या जास्तच घातला. देवी रागावली असे वाटणे बरे. देवी शांतही होते. स्वतःच्या हाताने पाजले हे कळले तर कोण शांत करणार?

नाही सांगितले तर ती अंधारात न्हाते आहे.

देवापुढे बसलो. उत्तर आले नाही, किंवा आले आणि मी दुसरीकडे पाहत होतो.

२ नोव्हें.

सांगितले नाही. गुपचूप तिच्या आधी उठून न्हाणीची फरशी राखेने घासून ठेवली, बुळबुळीत राहू नये म्हणून. तिच्या लक्षात आले नसावे.

३ नोव्हें.

फरशी घासली. ती म्हणाली, "आजकाल फार लवकर उठता जी. काय झालं?" झोप येत नाही म्हणालो. ते खोटे नव्हते.

४ नोव्हें.

पहाटे आत घागर आपटली. धावलो. ती भिंत धरून उभी. "काई नाई. पाय सरकला. पडलो नाई." पण भिंतीवर टेकलेला हात तोच होता, वाकडा. तो भिंत सोडायला तयार नव्हता. मी बाहेरून बोट बटनावर ठेवले होते. दाबले नाही. तिला विचारल्याशिवाय उजेड करायचा नाही असे मनात होते. आता लिहिताना वाटते, हा कसला शहाणपणा.

उद्या सांगीन.

५ नोव्हें.

सांगितले. बांधीवर, दुपारी. कापणी चालू आहे. धुऱ्यावर पळसाखाली शिदोरी सोडली होती.

मी म्हणालो, "मीठ."

"जास्त झालं का भाजीत?"

मग सगळे सांगितले. गिरणीतले टक्कल, कोळसा, थर, पाणी. ती विळ्याच्या दांड्यावर अंगठा फिरवत ऐकत होती. सांगून झाले तरी फिरवत होती.

"मंजे मीच पाजलं तिले."

"तुले का मालूम होतं."

"तुमाले कवा समजलं?"

"शनवारी. गिरनीत."

"शनवारी!" ती माझ्याकडे बघू लागली. दिवसा तिला स्वच्छ दिसते. "शनवारी समजलं, अन् काल माहा पाय सरकला. काहून नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटन म्हनून."

"वाईट माहं होतं जी. तुमी कायले ठेवून घेतलं?"

उठली आणि आपली ओळ धरून कापू लागली. संध्याकाळपर्यंत मागे वळली नाही. तुळशीसाठी ती रागावली असती तर मला ठाऊक होते काय बोलायचे ते. चार दिवस मनात तयार करून ठेवले होते. हे असे होईल हे मनात आलेच नव्हते.

६ नोव्हें.

ती उठण्याआधी मी न्हाणीत गेलो. दार लावले. दिवा नाही, कंदील नाही. डोळेही मिटले, तिच्यासारखे व्हावे म्हणून.

पाणी कुठे आहे ते हाताला माहीत होते, पण पायाला फरशी कुठे संपते ते माहीत नव्हते. तांब्या बुडवला तर काठावर आपटला. अंगावर पाणी पडले की क्षणभर आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेच विसरायला होते. पाऊल उचलले आणि खाली ठेवायला धीर होईना. ही माझी स्वतःची न्हाणी, ह्याच हातांनी बांधलेली.

बाहेर आलो तर ती छपरीत उभी. केस ओले बघून काय समजायचे ते समजली असेल. टॉवेल दिला.

७ नोव्हें.

शालिक सकाळीच आला. मेनमधून न्हाणीची फेज सोडवून टेप गुंडाळला, मगच खड्ड्याला हात लावला. पाइप उपसला. मीठ कुठे दिसेना, फक्त ओला काळा कोळसा. सगळे मातीत गेलेले.

सौ.ने तुळस मुळासकट काढली. पार्बताबाई कुंपणावर होतीच. सौ.ने तिला सरळ सांगितले, "करंट नाई वो, मिठानं जळली. मीच घालत होतो." पार्बताबाई म्हणाली, "माय गे!" आणि आपल्या घरून जुना माठ आणून दिला. त्याला बुडाशी छिद्र पाडले, बांधीची माती भरली. मुळे बोडीच्या पाण्यात धुतली, पुन्हा पुन्हा. खालच्या एका फांदीची साल नखाने खरवडली तर आत थोडे हिरवे. तेवढेच.

शालिक म्हणाला, "काकू, आता खड्डा कठी?"

"मोरीपाशी. तूनं आंधीच म्हटलं होतं न."

"धरतीमायले चालन का मोरीचं पानी?"

"तिले शेन चालते, राख चालते, आपन मेल्यावर आपन चालतो. मीच जास्त शायनी झालो होतो." शालिक हसला. तीही थोडी. माझ्याकडे बघून नाही.

नवा खड्डा केला, भरला. पण लाईट चालू करून दिला नाही त्याने. "माती बसू द्या, ओल मुरू द्या. मंग बल्ब लावून तपासतो, तवाच. बिना तपासल्या अर्थिंगवर मी न्हाणी चालू करत नाई. बटनाले हात लावू नोका." त्याचेही धान उभे आहे, पुनवेनंतर येतो म्हणाला. घाई करावी असे मलाही वाटले नाही.

९ नोव्हें. तुळशीचे लग्न

मी विचारले, औंदा पार्बताबाईच्या तुळशीचे करायचे का? तिने माठातल्या काडीला हिरवी बांगडी अडकवली, ओटीचा खण गुंडाळला. "नवरी आजारी आहे म्हनून लगन मोडतेत का?"

ऊस उभे केले, बोरे, आवळे, चिंचा. मंगलाष्टके मीच म्हटली. दोन ठिकाणी अडखळलो. पोरेटोरे तांदूळ जोरात फेकत होती आणि सौ. दोन्ही हात आडवे धरून काडी वाचवत होती. तांदळाने मोडेल इतकी ती बारीक.

माझ्याशी कामापुरते बोलते. मीठ द्या, दोर धरा, बैल सोडा. त्यात राग नाही. राग असता तर बरे.

११ नोव्हें. कार्तिक पौर्णिमा

आज शेवटचे स्नान. पहाटे ती उठली तसा मीही उठलो, ह्या वेळी डोळे मिटून पडलो नाही. चांद डोंगराकडे उतरला होता, धुक्यात दुधासारखा पसरून. त्याचा उजेड न्हाणीत जात नाही. फरशी मी रात्रीच घासली होती, आणि तसे तिला सांगितलेही होते.

तिने कंदील घेतला नाही. माझ्या हातात दिला. म्हणाली, "मले त्यात दिसत नाई. तुमी बाहेर उभे राहा. बोलत राहा. आवाज आला की मले समजते दार कोनीकडं आहे."

दाराकडे पाठ करून उभा राहिलो. काय बोलायचे? इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न कधी पडला नव्हता. आधी म्हणालो, पाण्याचा गुंड डाव्या हाताला आहे. "मालूम आहे." मग म्हणालो, धुके आले आहे. किल्ला दिसत नाही. पार्बताबाईच्या घरी कोणी खोकले. बोडीकडून टिटवी ओरडते आहे, तुला ऐकू येते का? "येते. तुमी बोला." मग गव्हाणीपाशी पांढरी गाय उठली ते सांगितले, नंतर बसली तेही सांगितले. थांबलो की आतले पाणी थांबायचे. पुन्हा बोललो की पुन्हा पाणी.

मग सांगण्यासारखे काही उरले नाही. म्हणालो, शनिवारी सांगायला पाहिजे होते.

आत तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तुळशीपाशी कंदील न्या," ती म्हणाली. "फांदीच्या बेचक्यात पाहा. काल मले काईतरी वाटलं होतं. फुटली का? खरं सांगा."

गेलो. माठाशी बसलो, कंदील जवळ धरला. बेचक्यात तीळभर काहीतरी होते. हिरवे असेल. खणाचा हिरवा रंग कंदिलात त्यावर पडला असेल. बोट लावायला भीती वाटली. कंदील डावीकडून धरला, उजवीकडून धरला. तिथूनच मोठ्याने बोलत होतो, आवाज तुटू नये म्हणून: बसलो आहे, पाहतो आहे, थांब.

"काय आहे?"

"मले नीट दिसत नाई," मी म्हणालो. "असंनही, नसंनही."

"बरं," ती म्हणाली.

आणि आत पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.